आमची पोरगी मेंटेनन्सला आहे

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या शिरूरच्या घरात लॅपटॉपवरून भांडण झालं, आणि आता मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचे हे रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला आहेत. आज सुट्टी म्हणून लॅपटॉप उघडला, तर विंडोज गायब! इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या ऋतुजाने ते काढून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकली होती.

"चांगलं चाललेलं कशाला काढलं? दुकानात देतो आन् पहिल्यासारखं करून आणतो." ह्यांनी दुकानदाराला फोनही लावला. त्याने उचलला नाही, म्हणून बरं. नाहीतर पोरीने महिनाभर खपून बसवलेलं सगळं पुसलं गेलं असतं.

तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "पप्पा, कंपनीत मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला काय लागतं?"

"बटणं."

"आणि तुम्हाला?"

"मला पॅनल उघडून आतली वायरिंग बघावी लागती."

"मग मलापण तेच लागतं. प्रोग्रॅम लिहायचा तर आत हात घालता आला पाहिजे, आणि लिनक्स तो घालू देतं. नुसती बटणं दाबून माझं नाही भागत."

ह्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तेवढ्यात दुकानदाराचाच फोन आला.

"राहू द्या भाऊ, न्हाई आणत. पोरगी मेंटेनन्सला हाय आमची!"

पाहुण्यांत कुणी कामाचं विचारलं, की 'मेंटेनन्सला' हा शब्द हे नेहमी हळूच उच्चारतात. आज पार शेजारी ऐकू गेला.

तुमच्या लेकरांनी तुमच्या कामाला असा मान कधी दिलाय का?