डोळस व्यक्तीची मदत घ्यावी

रफीक गेला, हे त्याच्या अम्मींनी फोनवर सांगितले तेव्हा मी त्याच्याच तक्रारीचा तिसरा मसुदा तपासत होतो. तापाचे निमित्त झाले आणि आठवडाभरात सारे संपले... मोताळ्याच्या शाळेत मी त्याला गणित शिकवले. मुलगा जन्मांध. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर तो आमच्यापेक्षा जलद काम करी, तेही स्क्रीन बंद ठेवून.

संगीतशिक्षकाच्या जागेसाठी वयोमर्यादेतली त्याची ही शेवटची संधी होती. अर्ज फक्त संगणकावर भरायचा होता. वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो : प्रत्येक बटणाला आतून नाव द्यावे लागते, दिले नाही, तर ही प्रणाली नुसते ‘बटण’ म्हणते. त्या अर्जात एकाही बटणाला नाव नव्हते. रफीक हसला, “सर, लेकरं जन्माले घातली, पण बारसं एकाचंबी नाई केलं यायनं!” चाचपडेपर्यंत अर्जाला दिलेली वीस मिनिटे संपत आणि भरलेले सारे पुसले जाई. मी भरून देतो म्हणालो, तर म्हणे, “दुसऱ्यानं भरला तं नोकरीबी त्यालेच द्या.” तक्रारीला एका ओळीचे उत्तर आले : डोळस व्यक्तीची मदत घ्यावी. अर्जाची तारीख उलटली, तरी आम्ही लिहीतच राहिलो.

तो गेल्यानंतर महिन्याभराने अर्ज तयार करणारे गृहस्थ बुलढाण्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आले. मी त्यांना आदराने संगणकापुढे बसवले, बोलणारी प्रणाली सुरू केली आणि स्क्रीन बंद केली. “आता आपलाच अर्ज भरा.” बटण... बटण... बटण. जळगाव जामोदच्या एक बाई मागून म्हणाल्या, “भरा ना भाऊ, तुमीच त बनवला नं हा?” सभागृह हसले. गृहस्थ माझ्याकडे वळले. “सर, स्क्रीन तरी लावा.”

“डोळस व्यक्तीची मदत घ्यावी,” मी म्हणालो. वीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत मी त्यांना उठू दिले नाही. सूड वाईट, असे मी वर्गात आयुष्यभर शिकवले; त्या दिवशी तो मला गोड लागला.

पंधरवड्यात अर्ज दुरुस्त झाला. आता राग सोडा, असे सहकारी म्हणतात. तसे ठरवूनच परवा रफीकच्या घरी गेलो. अम्मींनी संगणकावरचे कापड काढले. बोटांना आपली जागा सापडावी म्हणून कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटे असतात. रफीकच्या कळफलकावर ते झिजून सपाट झाले आहेत. मी तिथे बोट ठेवून बराच वेळ बसलो...

“जाऊ द्या आता, सर,” अम्मी म्हणाल्या.

मी मान हलवून नाही म्हणालो.