अमेरिकेचा तिसरा उमेदवार, मुक्काम वर्धा

मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस आहे. हसू नका. लढवली आणि रीतसर आपटलो. तेव्हा मी वर्ध्याला कॉलेजात होतो आणि दोन सदरे, एक कंदील अन् पितळेची एक थाळी एवढी माझी मालमत्ता होती.

साल छप्पन. त्या नोव्हेंबरात आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. आम्हाला कोणी काही विचारलं नाही, म्हणून राज्यशास्त्राच्या सरांना वाटलं असावं, पोरांना निदान अमेरिकेचं तरी विचारावं. सर आमच्या वसतिगृहाचे रेक्टर होते, आमच्याच मेसमध्ये जेवायचे. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परतलो तोवर खऱ्या अमेरिकेचा निकाल लागूनही गेला होता. सर म्हणाले, "त्यानं काय बिघडतं? आपण आपला अध्यक्ष निवडू." अमेरिकेनं हरकत घेतली नाही.

तिकडे दोन मोठे पक्ष, एकाचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं गाढव. हत्ती पक्षाकडून हिंगणघाटच्या कापसाच्या जिनवाल्या शेठचा मुलगा उभा राहिला. गाढव कोणालाच नको होतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ते आर्वीकडच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मुलाच्या वाट्याला आलं. मालगुजारी गेली होती, ऐट गेली नव्हती, त्यामुळे त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग सर म्हणाले, "तिकडे एखादा तिसराही असतो. कोण होतो तिसरा?" सगळा वर्ग छताकडे पाहू लागला. सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "तू हो रे. सोपं आहे. तिसऱ्याला काही करावं लागत नाही, नुसतं हरावं लागतं."

ह्या कामाचा आमच्या घराण्याला पिढीजात अनुभव होता. मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर मी हो म्हणालो ते थाळीसाठी.

मेसमध्ये जेवण झालं की पोरं थाळ्या विहिरीजवळच्या ढिगात टाकून ढेकर देत खोल्यांवर जायची. भांडेवाली बाई त्या घासायची. आम्हा तिघांच्या थाळ्या मात्र त्या ढिगात जात नसत. आम्ही तिघं कोण, तर गावात ज्यांची विहीर वेगळी, ते. आम्ही कडुनिंबाखाली बसून आपापली थाळी राखेनं घासायचो आणि मागच्या खिडकीत पालथी घालायचो. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कायद्यानं तर तो गुन्हाच होता. मेसच्या व्यवस्थापकाला विचारलं की तो हात जोडायचा, "माझी काही हरकत नाही हो. पण बाई ऐकायची नाही."

महिन्यातून एकदा सर आम्हाला सेवाग्रामच्या आश्रमात न्यायचे. तिथे ज्याची थाळी त्यानं घासायची. शेठचा मुलगा तिथे अशी थाळी घासायचा, जणू स्वातंत्र्य त्यानंच आणलं. संध्याकाळी वर्ध्याला परतलो की त्याची थाळी पुन्हा ढिगात आणि आमची कडुनिंबाखाली.

त्या दसऱ्याला मी बापासोबत नागपूरला गेलो. पांढरे कपडे घालून, लाखो माणसांत उभा राहून बौद्ध होऊन आलो. आल्या आल्या छाती काढून व्यवस्थापकाकडे गेलो. म्हटलं, जुनं सगळं सुटलं, आता थाळी ढिगात टाकतो. तो म्हणाला, "धर्म बदलला ना बाबा, थाळी तर तीच आहे!" अस्सा संताप आला! पण थाळी घेऊन कडुनिंबाखालीच गेलो. दुसरं करणार काय? तेवढ्यात ही अमेरिका चालून आली.

माझा जाहीरनामा एका वाक्याचा होता: सेवाग्रामला चालतं तेच इथे, ज्याची थाळी त्यानं घासावी. म्हटलं, नाकारणार कसे? आश्रमाला नाही म्हणायची छाती वर्ध्यात कोणाची? आणि सगळेच घासू लागले, तर आमची वेगळी कशी राहील? मतदार सगळी मेस होती, म्हणून भाषणही तिथेच केलं. मग मागून एक जण ओरडला, "काय बे, मेसचे पैसे काय थाळी घासाले भरले का?" सगळी मेस खो खो हसली. तिसऱ्याचं भवितव्य तिथेच ठरलं.

पण हत्ती आणि गाढवात चुरस मोठी होती, एकेका मतासाठी मारामारी. दुपारी हत्तीवाला माझ्या खोलीवर आला. ह्याआधी त्यानं ती खोली पाहिलीही नसेल. "तू बैठ जा यार. तुमची तीन मतं मले दे. निवडून आलो का तुमच्या थाळ्या ढिगात. जबान देतो." संध्याकाळी गाढववाला आला. तेच बोलला, वर चहा पाजला. घ्या! मेसभर कोणी ओळख दाखवत नव्हतं, आणि आता दारात सोयऱ्यांची रांग. मी कोणाला हो म्हणालो नाही. आमचे लोक आजवर बसतच आले होते, एकदा उभं राहून पाहू म्हटलं. मग दोघांनीही आपापल्या प्रचाराच्या फळ्यावर लिहून टाकलं, 'सर्वांच्या थाळ्या एकत्र'. मागणी माझी, खडू त्यांचा.

तेव्हा आपल्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली नव्हती. ज्याला मत द्यायचं, त्याच्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा. सरांनीही तसंच केलं, पडद्याआड रॉकेलचे तीन डबे ठेवले. एकावर हत्ती, एकावर गाढव आणि माझ्यावर थाळी. ती मीच काढली होती. लोकांना ती पुरी वाटली.

हत्ती दोन मतांनी निवडून आला. माझ्या डब्यात एकच कागद निघाला, आणि तो मी टाकलेला होता. मी माझ्या दोन्ही सोबत्यांना कडुनिंबाखाली धरलं. "काऊन बे? घरचेच फिरले?"

धाकटा रडकुंडीला आला. "दादा, मायची आन, तुलेच देनार होतो. पन पडद्यामांगं गेलो अन् डब्यावर हत्ती दिसला. बावन साली माय घरोघर सांगत फिरली होती, काई पाहू नका, हत्तीच्या पेटीत टाका. मीबी तिच्या संगं होतो. हात आपोआपच गेला."  दुसऱ्याचाही हात आपोआपच गेला होता.

आमच्या वस्तीचा पक्ष बावन्न साली हत्ती घेऊन उभा होता, हे खरं. त्या हत्तीचा आणि अमेरिकेच्या हत्तीचा काडीचा संबंध नाही, हे त्या बिचाऱ्या हातांना कोण सांगणार? म्हणजे शेठच्या मुलाला अमेरिका मिळाली ती आमच्याच दोन मतांवर. म्हटलं, मग दिलेला शब्द तरी पाळ लेका. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याला गाठलं आणि थाळीचं विचारलं. तो दात कोरत हसला. "अरे, वो तो अमेरिका का था!"

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत विहिरीजवळ गेलो आणि थाळी ढिगाच्या अगदी वर ठेवली. माझे दोघंही मागोमाग आले आणि त्यांनीही ठेवल्या. पोरं खोल्यांवर जायची थांबली. बाई आली. आता ही बोंब मारणार, थाळ्या भिरकावणार, असं धरून मी उभा होतो. तिनं माझी थाळी उचलली, राख लावली, घासली, धुतली आणि दुसऱ्यांच्या थाळ्यांवर पालथी घातली.

मला राहवलं नाही. "मावशी, तुले चालते?"

तिनं वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "मले काय होते बाप्पा? तुमीच आनत नोयते. मले वाटे, मानी पोट्टे हायेत, आपलं आपन घासतेत."

मला रडू आलं, लाज सोडून सांगतो. हसूही आलं. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी थाळी घेऊन विहिरीवर गेलो, तर ढीग नव्हता. माझ्या दोन सोबत्यांच्या दोन थाळ्या तेवढ्या तिथे पडल्या होत्या. बाकी सगळी मेस विहिरीच्या पलीकडे ओळीनं उकिडवी बसली होती. नवे अध्यक्ष, मालगुजार, भाषणाच्या वेळी मागून ओरडलेला तो, सगळे. ज्याची त्याची थाळी, ज्याची त्याची राख. आमच्या थाळ्यांना लागलेला हात त्यांच्या थाळ्यांना लागायला नको होता. माझा जाहीरनामा शब्दशः अमलात आला होता. बाई मोकळ्या हातांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभी होती. अरे, तुमचे हात राखेनं भरून मला काय करायचं होतं? माझी थाळी तुमच्या थाळ्यांत असावी, एवढंच तर होतं!

तेवढ्यात सर विहिरीकडून आले. चेहरा फुललेला. "पाहिलंस? तिसरा निवडून येत नाही, पण त्याचं म्हणणं मोठ्यांना घ्यावंच लागतं. आजवर पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं." माझी पाठ थोपटायला त्यांनी हात पुढे केला, आणि ओला आहे म्हणून मागे घेतला. दुसऱ्या हातात त्यांची थाळी होती, स्वतः घासलेली, अजून पाणी निथळत होतं.