माझी इटलीतली बायको

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी उभं राहून ऐकावी अशी एक गंभीर घोषणा मी आज करत आहे : माझी इटलीतली बायको कधीच अस्तित्वात नव्हती.

माझ्या कादंबरीत ती आहे, आठवणींच्या पुस्तकात ती नाही, आणि या दोन पुस्तकांच्या मध्ये उभा राहून मी गेली कित्येक वर्षं शिव्या खातो आहे. एक टीकाकार म्हणतो, आठवणींत बाई लपवली. दुसरा म्हणतो, कादंबरीत बाई घुसडली. पण या मंडळींचा राग म्हणजे काहीच नाही. राग काय असतो, ते लढाई संपवून मी इटलीहून घरी आलो तेव्हा पाहिलं!

पाटणजवळच्या आमच्या गावात एक पद्धत होती. पलटणीतून आलेलं पत्र घरात वाचायचं नाही. मारुतीच्या देवळापुढं सारं गाव बसायचं आणि शाळेचे मास्तर ते मोठ्यानं वाचायचे. इकडं इटलीत मला लेखक व्हायची खाज सुटली होती. वही जपायला जागा नव्हती, म्हणून कादंबरीचं एकेक प्रकरण मी पत्रालाच जोडून घरी धाडू लागलो. नायक अर्थात 'मी'. (नवा लेखक दुसरा नायक आणणार कुठून?) पहिल्या प्रकरणात मी एकट्यानं जर्मन रणगाडा उडवला. दुसऱ्यात जखमी झालो. तिसऱ्यात तेरेझा नावाच्या बाईनं मला मलम लावलं, आणि चौथ्यात मी तिच्याशी चर्चमध्ये लग्न लावलं! प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ठळक लिहिलं होतं : 'मास्तर, ही मनानं रचलेली गोष्ट आहे. वाचू नये, पेटीत ठेवावी.'

मास्तरांनी नेमकी तेवढी ओळ सोडून बाकी सगळं वाचलं.

मी घरी पोचलो तर आईनं ओवाळलं नाहीच, वर माझ्या पाठीमागं बघत विचारलं, "येकलाच आलास? ती कुठं हाय?" माझी खरी बायको हौसा चौथं प्रकरण ऐकून त्याच दिवशी माहेरी, सांगलीकडं, निघून गेली होती. त्याला सहा महिने झाले होते. मी तसाच संतापून शाळेत गेलो. मास्तरांना थोडीही लाज नव्हती. ती ओळ वाचली असती तर ऐकायला बसलं असतं कोण, असं त्यांनी मलाच विचारलं. वर पाचवं प्रकरण कधी येणार म्हणून गाव तगादा लावतंय, ही तक्रार!

ते सगळे कागद हिसकावून मी सासुरवाडी गाठली.

माझे सासरे जुने सुभेदार, आधीच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. रणगाड्याची बातमी कळली तेव्हा त्यांनी सगळ्या गावाला जेवण घातलं होतं. बाईची बातमी कळली तेव्हा बंदूक पुसून ठेवली होती. मी पोचलो तेव्हा ती खुंटीवर नव्हती, मांडीवर होती. ओसरीवर सगळी भावकी जमली होती.

मी चौथ्या प्रकरणावरची ओळ त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली.

"म्हंजी बाई खोटी?"

"खोटी."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. मी जिंकलोच होतो. पण सुभेदारांनी बाकीचे कागदही उचलले, एकेक करून डोळ्यांसमोर धरले आणि पहिल्यावर थांबले.

"जावईबापू, रनगाड्याच्या कागदावर बी हीच वळ हाय."

मी घाम पुसला. रणगाडा ठेवावा तर बाई राहते. बाई घालवावी तर रणगाडा जातो. दार किलकिलं झालेलं दिसलं आणि मी रणगाडा सोडला.

"ते बी खोटंच," मी म्हणालो.

"मग चार वरसं तिकडं केलंसा तरी काय?"

आता लपवायला उरलं काय होतं? सांगून टाकलं. मी पलटणीच्या लंगरात होतो. दोन-दोन पोती कांदा चिरायचो, कणीक मळायचो, हातभर लांब डावानं आमटी ढवळायचो. जर्मन पाहिला तो एकदाच, कैदी म्हणून, आणि त्यानं माझ्याकडं जास्तीचा भात मागितला.

सुभेदारांनी बंदूक बाजूला ठेवली. असल्या माणसावर गोळी वाया घालवण्यात अर्थ नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "ह्यापरीस बाई खरी असती तर चाललं असतं," ते म्हणाले, आणि सगळ्या भावकीनं माना डोलावल्या.

इतक्यात बापासमोर कधी तोंड न उघडणारी हौसा थेट ओसरीवर आली. काखेत गाठोडं होतं, म्हणजे निघायची तयारी होती. नवऱ्याच्या खरेपणानं हिचं मन भरून आलं, असं मला वाटलं. मी जरा छातीही पुढं काढली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या भावकीच्या देखत कडाडली,

"साऱ्या पलटणीची कणीक मळत हुतासा, आन् घरात पान्याचा तांब्या बी माज्याकडनं मागून घेत हुतासा व्हय?"