टेलरबाईंचं दुसरं नाव

माझ्या आईची तीन पुस्तकं छापून आली आहेत. पुस्तकांवर जे नाव आहे ते मी इथे सांगणार नाही, आणि तिचं खरं नावही सांगणार नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं घर म्हणतं, म्हणून आधीच बजावून ठेवते.

आई बायकांचे कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, माणसाएवढा आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. मागच्या खोलीत, फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे, शाळेतून आल्यावर मी काज-बटणं करते. शाळेत मी गणित शिकवते, पण आईच्या लेखी मी अजून काज वाकडं काढणारी मुलगीच आहे.

तिच्या मापांच्या वहीत एकाही गिऱ्हाइकाचं नाव नाही. सुरुवातीला नावं असायची. तेव्हा दोन जावा तिच्याकडे कपडे टाकायच्या. टेबलावर उघड्या पडलेल्या वहीत धाकटीने थोरलीची कंबर वाचली आणि घरी जाऊन चारचौघांत इंचासकट सांगितली. पुढे काय झालं ते त्या घरालाच माहीत, पण दोघीही परत फिरकल्या नाहीत. आईने कानाला खडा लावला. तेव्हापासून प्रत्येकीला वहीपुरतं एक वेगळं नाव असतं. घाईघाई, उंच टाच, खोकला, तिसरा मजला. कोणती कोण हे आईलाच ठाऊक. मी कितीही आडून विचारलं तरी ती ताकास तूर लागू देत नाही.

कपडा अंगावर बेतताना तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या असतात. तिला बोलता येत नाही. आणि समोर मध्येच न बोलणारं माणूस सापडलं की बायकांना कंठ फुटतो. नवऱ्याला, बहिणीला, डॉक्टरला सांगितलं नाही ते त्या आरशात बघत आईला सांगतात. आई नुसतं 'हं' करते. त्या 'हं'चे तिच्याकडे दहा-बारा प्रकार आहेत.

ती लिहिते पहाटे, दुकान उघडायच्या आधी, बेतून उरलेल्या खाकी कागदांवर. एक गोष्ट तर मी बाहीच्या आकाराच्या कागदावर लिहिलेली पाहिली आहे, वर रुंद आणि खाली निमुळती. शेवटाकडे एका ओळीत दोनच शब्द मावत होते. बाबा बस चालवतात. ते तिचं पाकीट शेवटच्या थांब्याजवळच्या पोस्टाच्या पेटीत टाकायचे, म्हणजे शिक्क्यावरूनही कुणाला पत्ता लागायला नको. पहिली गोष्ट छापून आली तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं, पण सांगणार कुणाला? त्या दिवशी म्हणे त्यांनी धावत येणाऱ्या एकूण एक माणसासाठी गाडी थांबवली.

तिसऱ्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. मोठा, वर्तमानपत्रात येणारा. लेखिकेने रविवारी समारंभाला यावं, तिला बघायला वाचक उत्सुक आहेत, असं प्रकाशकांनी पाठवलेल्या पत्रात होतं. आईने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "येता येणार नाही म्हणून कळवून टाक."

राग माझ्या नाकावरच असतो. "का नाही जायचं? चोरी केलीयस का कुणाची?"

"हळू बोल. दुकान उघडं आहे."

"तीस वर्षं हळूच बोलतोय सगळे! लोक काय म्हणतील, एवढंच ना? स्वतःचं नाव लावायला घाबरतेस तू. भित्री आहेस, आई."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तो निळा कोट आज द्यायचाय. बटणं लाव."

मी बटणं लावली, पण मनात ठरवून टाकलं. उद्या आयोजकांना फोन करायचा, नाव-पत्ता देऊन मोकळं व्हायचं, एक घाव दोन तुकडे. नंबर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत दिवसभर वर्ग असल्यामुळे फोन राहिला, तो संध्याकाळी करू म्हणत मी घरी आले.

त्याच संध्याकाळी ग्रंथपालबाई आल्या. त्या वाचनालयात काम करतात असं आपण धरून चालू. खरं काय ते विचारू नका, मी आईची मुलगी आहे. पन्नाशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. त्या घरात त्यांना खोली नाही. दिवाणखान्यातून शेवटचं माणूस उठेल तेव्हा यांनी अंथरूण घालायचं. हे मला कसं माहीत? भिंतीला कान असतात, आणि आमच्या फळ्यांच्या भिंतीला माझे आहेत.

अर्धवट शिवलेला त्यांचा कोट अंगावर चढवून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या असाव्यात. "टेलरबाई, एक विचारू?"

"हं."

"माझ्या पिशवीत एक पुस्तक आहे. त्यात एक नर्स आहे. तिचा डावा खांदा पाऊण इंच उतरता आहे आणि तो दिसू नये म्हणून कोटात त्या बाजूला आतून कापसाची गादी शिवलेली आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी आई गेल्यापासून ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत आहे. मला आणि तुम्हाला."

माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. आईने त्या गोष्टीत सगळं बदललं होतं. काम, वय, गाव. भावाचा काका केला होता. पण आयुष्यभर खांदे मोजलेल्या हाताला तो एक खांदा सरळ करणं जमलं नव्हतं. शिवणारीच करेल अशी चूक.

नाही म्हण, मी मनात म्हणत होते. पुस्तकाचं नावही ऐकलं नाही म्हण. पलीकडे डबीच्या झाकणात एकेक टाचणी पडल्याचा आवाज आला.

"हो," आई म्हणाली. "मीच लिहिलंय. चुकलं माझं, ताई. खांदा बदलायला हवा होता."

"सगळ्यांचं लिहिता आणि स्वतःचं नाव तेवढं लपवता?" बाईंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"पुस्तकावर माझं नाव असतं तर गावाने तुम्हाला दोन दिवसांत हुडकलं असतं. टेलरबाईने लिहिलंय म्हणजे टेलरबाईच्या गिऱ्हाइकांचं लिहिलंय. दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकीकडे बोट दाखवलं असतं लोकांनी, ही त्यातली कोणती म्हणून. माझं काय, माझं नाव झालं असतं. तुम्ही मला कापड दिलं होतं, अब्रू नव्हती दिली." आणि लगेच पुढे म्हणाली, "तरी न विचारता घेतलं ते घेतलंच. तुम्ही म्हणाल तर पुढच्या आवृत्तीत ती गोष्ट काढायला सांगते."

आदल्या दिवशी मी हिला भित्री म्हणाले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातल्या कापडात तोंड खुपसून बसले. आणि त्या लाजेतच छाती भरून येत होती, ही माझी आई आहे म्हणून.

"काढू नका," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मी आधी फार चिडले. मग पुन्हा वाचली. ती नर्स शेवटी भाड्याच्या खोलीत जाते आणि दाराला आतून कडी लावून नुसती बसून राहते ना, तेवढं पान मी पाच वेळा वाचलं. मग खोली बघायला गेले. ठरवलीय."

"कधी जाताय?"

"रविवारी. भाऊ बोलत नाहीये. सामान एकटीलाच हलवायचंय."

"खिडकी केवढी आहे?"

"माप नाही घेतलं हो."

"मी येते. आमचे हे पण येतील सामान उचलायला. त्यांना रविवारी सुट्टीच असते."

मी पर्समधली चिठ्ठी काढली आणि तिचे बारीक तुकडे केले.

रविवारी आई-बाबा पडद्यांचं कापड आणि हातोडी घेऊन तिकडे गेले. मी एकटी सभागृहात जाऊन शेवटच्या रांगेत बसले. पुरस्कार प्रकाशकांनी घेतला. अध्यक्ष म्हणाले, लेखिका समोर येत नाहीत, पण भाषेवरून त्या उच्चशिक्षित आणि मोठ्या घरातल्या असाव्यात. आईची शाळा सातवीत सुटली आणि आमचं मोठं घर म्हणजे तीन खोल्या. मी जीभ चावून गप्प राहिले. मग त्यांनी त्या नर्सच्या गोष्टीचा शेवट वाचून दाखवला. सभागृहात कुणी खोकलंही नाही. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत मैत्रिणीला म्हणाली, "ही बाई माझ्या घरात राहून गेली की काय गं?"

टाळ्या सुरू झाल्या तशी मी उभी राहिले. बाकीच्यांच्या थांबल्या, तरी माझ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. शेजारची बाई हसून म्हणाली, "तुमच्या कोणी लागतात वाटतं?"

"छे हो, कोणी नाही," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवत राहिले.