सांडूभाऊंचे पट्टे

सांडूभाऊ पेंटर घरात आले की आधी रंगाचं काहीच बोलत नसत. रिकाम्या हाताने खोलीत शिरायचे, मधोमध उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "इथं कोन बसतं, बाई? अन् कवा?" भोकरदनला आम्ही हे घर बांधलं तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या हातात खोलीवार यादी तयार होती: खोली, भिंत, शेडकार्डावरचा नंबर. शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि यादीशिवाय कुठलंच काम सुरू करायचे नाही, हे, नातवंडांनो, तुमचे बाबा तुम्हाला सांगतीलच. सांडूभाऊंनी यादी पूर्ण वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, स्वयंपाकघरात दुपारचं ऊन कुठून येतं?

त्यांची एक रीत होती. तुम्ही निवडलेल्या रंगाचा वीतभर पट्टा ते भिंतीवर ओढायचे, शेजारी त्यांच्या मनातल्या रंगाचा दुसरा, आणि तीन दिवस तिकडे फिरकायचे नाहीत. "डब्यातला रंग सगळ्यायलाच गोड वाटतो. तीन दिवस त्याच्यासंगं ऱ्हा, मंग बोला." मला हा निव्वळ वेळ घालवणं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी माझ्या यादीतला फिकट हिरवा ट्यूबलाइटखाली आजारातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसायला लागला. शेजारचा पट्टा सकाळी, दुपारी, दिवेलागणीला तसाच निवांत. कार्डावर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. सांडूभाऊ म्हणाले, "ही मोसंबीची आतली साल हाय. बराबर बसतंय." मी यादी दुरुस्त केली. तेव्हापासून आमच्या घरात त्या रंगाला मोसंबीच म्हणतात.

दर चार-पाच वर्षांनी ते यायचे. नखांत आधीच्या घराचा रंग असायचा. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी बाई आणि तुमचे आजोबा सर. आजोबांची खुर्ची पुढच्या खोलीत भिंतीला लागून होती. डोक्याला खोबरेल तेल लावून, डोकं भिंतीला टेकवून ते पेपर वाचत, आणि तिथे भाकरीएवढा गोल डाग पडे. सांडूभाऊ तो पाहून दर वेळी कपाळाला हात लावत.

"सर, डोस्कं टेकायचं सोडा, न्हाई तं मी धंदा सोडतो."

"भिंत माझी, डोकं माझं. तुमचं काय जातंय?"

"माझं नाव जातंय."

मग ते डाग खरवडून, सोड्याने धुऊन, वर लाखेचा एक हात मारत. तेल लाखेतून वर येत नाही. वर्षभरात आजोबा नवा डाग तयार करत.

आजोबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या बाबांनी घर रंगवायचा आग्रह धरला. मला जरा बरं वाटेल म्हणे. रोज फोनवर रंगांचे फोटो येत. मी सगळ्यांना 'चालेल' असं उत्तर देत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी यादी केली नव्हती. सांडूभाऊंना सांगितलं, सगळीकडे मोसंबी लावा आणि लवकर उरका. पट्टे नकोत, तीन दिवस बघत बसायचं त्राण माझ्यात नाही. आणि तो डाग घालवा.

"बिलकुल?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल," मी म्हणाले.

खुर्ची माळ्यावर गेली. भिंत स्वच्छ झाली. येणारे-जाणारे घराचं कौतुक करून जात.

नवव्या दिवशी डाग वर आला. आधी पुसट, मग चांगला गोल. मला रागही आला आणि रागवायचा कंटाळाही. फोन केला तसे सांडूभाऊ आले, उकिडवे बसून डागाकडे पाहत राहिले.

"लाख मारली न्हाई मी."

विसरलात का, मी विचारलं.

"न्हाई, बाई. मुद्दाम तसाच गेल्तो. लाख मारली असती तं कायमचा गेला असता. तुमी पट्टे नको म्हन्ल्या. मंग म्हनलं, आठ दिवस ह्या कोऱ्या भिंतीसंगंच ऱ्हाऊ द्यावं. आता सांगा. लाख आनली हाय."

पिशवीतून त्यांनी बाटली काढून फरशीवर ठेवली. त्या आठ दिवसांत मी पुढच्या खोलीत एकदाही बसले नव्हते. चहासुद्धा स्वयंपाकघरात उभ्याने घेतला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "राहू द्या."

त्यांनी मान हलवली. माळ्यावरून खुर्ची उतरवली, पुसली आणि दोनदा मागेपुढे सरकवून डागाच्या बरोबर खाली ठेवली. बाटली माझ्या हातात दिली. "ठिवा तुमच्याजवळ. कवा बी सांगा, येतो."

मागच्या हिवाळ्यात सांडूभाऊ गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला होता. आता तुम्ही येणार म्हणून बाबांचे फोटो पुन्हा सुरू झाले आहेत. तिसऱ्या फोटोलाच माझे डोळे मिटतात. नवीन पेंटर सोमवारी येणार आहे, दोन दिवसांत घर करून देतो म्हणाला. त्याच्यासाठी मी यादी केली आहे. पुढच्या खोलीसमोर लिहिलंय: मुलं आल्यावर.

तुम्ही आलात की त्या खुर्चीत बसा. एकदा सकाळी बसा, एकदा उन्हं कलल्यावर. तीन दिवस काही बोलू नका. मग तुम्ही ठरवाल तसं करू. लाखेची बाटली फडताळात आहे, पण उघडायला जाऊ नका. आतली लाख कधीच दगडासारखी झाली आहे.