न सडणारी स्ट्रॉबेरी

"अवो, फ्रिजमंदी हे सडकं काऊन ठेवलं?" मामी स्वयंपाकघरातून विचारत होत्या.

"हात नको लावू. कामाचं हाये," अंगणातून मोठ्या मामांचं उत्तर आलं.

मी गोंदियाहून चिचगडला नुकतीच पोचले होते आणि दारात चप्पल काढत होते. बुरशी आलेलं फळ पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस जगात एकच असावा, आणि तो माझ्या आईचा मोठा भाऊ आहे. मामांची शेती धानाची. पण घरामागच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, ते काही वर्षांपासून स्ट्रॉबेरीची नवी जात तयार करताहेत. आमच्याकडच्या थंडीत झाडं छान वाढतात, फळंही धरतात; मग पहाटेचं धुकं आणि दव त्यांच्यावर राखाडी बुरशी चढवतं आणि पिकता पिकता ती सडतात. मामांना न सडणारं फळ हवंय. त्यासाठी ते एका फुलाचे पराग ब्रशने दुसऱ्या फुलाला लावतात. (ब्रश माझ्या रंगपेटीतला. तो त्यांनी मागितला नाही, नेला.) बियांची रोपं झाली, फळं धरली, की त्यांच्यावर सडक्या फळांचं पाणी शिंपडतात आणि भोवती ओली पोती टांगतात. ज्याचं फळ सडलं ते झाड बाद. "लोकं झाडाले दवाई देतेत, आमच्या इथं रोग देतेत," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

सडकी फळं मिळवायला मामा कुठेही जातात. गोंदियात एका लग्नात ते फळांच्या स्टॉलवर बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "भैया, खराब वाला नहीं है क्या?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "नहीं साहब, माँ कसम, सब ताज़ा है!" मामा जेवणाकडे न बघता खट्टू होऊन परतले. मी मागे उभी होते. ओळख दाखवली नाही.

या हिवाळ्यात मात्र एका झाडाने बुरशीला दाद दिली नाही. ओल्या पोत्यांत त्याची फळं लालबुंद, टणक राहिली. अडचण एकच होती. मागे आलेल्या तापात मामांची चव गेली ती परत आलीच नाही. म्हणून त्या दिवशी त्यांनी आम्हाला चाखायला बसवलं.

मामी म्हणाल्या, "गोड हाये."

शेजारचे काका म्हणाले, "साखर हाये जी, साखर!"

इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर दुसरं काय म्हणणार? मामा खूश होऊन उठले आणि त्यांनी कुदळ घेतली. परागांसाठी राखलेली जुन्या झाडांची रांग आता ठेवायची नव्हती. लवकर सडणारी, पण वास आणि गोडी असलेली झाडं तेवढीच होती. ती गेली की नव्या जातीत गोडी आणायची कुठून?

जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. "तू सांग, पोरी. तू तं बोलतच नाहीस, मंजे खोटं बी बोलत नसशील."

माझे दात अजून आंबलेले होते. मामी माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि तो घालवणारी मीच असणार होते. त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली, तेव्हा मी म्हणाले,

"मामा, खूप आंबट आहे. ती रांग राहू द्या. पुढच्या हिवाळ्यात चाखायला मी येईन."