ताण्याचे पटांगण

सरकारी नकाशात आमच्या पटांगणाला ‘मोकळी जागा’ म्हटले आहे. ते दोन शब्द आठवले की आजही माझे डोके फिरते.

मी कोष्ट्याचा मुलगा, घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला. शहरातल्या महाल भागापलीकडे आमची विणकरांची वस्ती होती आणि घरांपुढे लांबट पटांगण. सकाळी तिथे बायामाणसे मिळून ताणा लावत, म्हणजे लुगड्याचे उभे सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्याला खळ देत. खळ वाळण्याआधी ताणा गुंडाळला तर सूत चिकटून वाया जाते.

अशाच एका सकाळी जमीन मोजणारे साहेब साखळी आणि झेंडे घेऊन आले.

“ताणा काढा गा, साहेबाची साखळी अडून राहिली!” वडील ओरडले.

“ओला हाय ना गा,” शेजारचे काका म्हणाले.

“मंग? साहेबाले उडी माराले लावता का?”

ओला ताणा गुंडाळला गेला. दारी आलेल्याला खोळंबून ठेवणे आमच्यात कुणाला जमत नाही. आईने तर पटांगण झाडूनही दिले. साहेबांनी ताक घेतले, मोजणी केली आणि गेले.

पावसाळा संपल्यावर कळले की तिथे बंगल्यांचे प्लॉट पडणार. मी वडिलांबरोबर कचेरीत गेलो. इंग्रजी वाक्ये पाठ केली होती, ऐन वेळी त्यातले एकही आठवले नाही.

“मोजणीच्या दिवशी तिथं काहीच नव्हतं,” तेच साहेब म्हणाले.

“तुमच्यासाठीच त काढलं होतं जी,” वडील म्हणाले.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवले. “हे बघा, तुम्हाला बाग दिली आहे. गोल. मधे कारंजं.”

“गोल बागेत सरळ ताणा कसा लावाचा जी?”

कारकून हसले. तेव्हा मात्र मी कसाबसा मराठीतच बोललो, “साहेब, एकदा सकाळी येऊन बघा.”

“मोजणी पुन्हा होत नसते.”

प्लॉटच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. घरचा माग बंद पडला आणि वडील गिरणीत लागले. त्यांना त्या माणसाचा राग कधी आलाच नाही. “त्याले काय मालूम,” ते म्हणायचे. मला हे पटत नाही. माहीत नसेल तर विचारावे. त्या सकाळी पटांगणात सारी वस्ती उभी होती, कोपरापर्यंत हात खळीने माखलेले. इथे काय करता, एवढेसुद्धा त्याने एकालाही विचारले नाही.